नसलेल्या जनावरांची तपासणी

पौष लागला की जालन्याच्या बायपासला हुरडा विकणारे बसतात. प्लास्टिकच्या पिशवीत चोळून ठेवलेला हुरडा, सोबत चटणीची पुडी, आणि वर विकणाऱ्याचं प्रमाणपत्र, 'काका, एकदम कवळा हाय.' मी घेतो, घरी येऊन खातो. चव असते, नाही असं नाही. पण आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळताना जो चटका बसतो, तो पिशवीत कुठून येणार? म्हणून मी पहिले चार दाणे तोंडात टाकतो आणि डोळे मिटून घेतो. बायको म्हणते, 'लागली यांची समाधी.' तिला वाटतं मी चव घेतोय. खरं तर मी जनावरं मोजत असतो.

मी जनावरांचा डॉक्टर होतो. तीस-बत्तीस वर्षं गाई-म्हशींच्या पोटात, तोंडात आणि आणखी कुठंकुठं हात घालून संसार केला. किती वासरं ओढून बाहेर काढली, किती पोटं फुगलेले बैल उभे केले, त्याचा हिशेब ठेवला नाही. पण हुरड्याच्या दिवसांत त्यांतलं एकही डोळ्यांपुढे येत नाही. येतात ती चौऱ्याऐंशी जनावरं, जी कधी जन्मलीच नाहीत, आणि जी मी एका हिवाळ्यात टेंभुर्णीच्या दवाखान्यात बसून तपासली.

नव्वदचं दशक उताराला लागलेलं होतं. माझी नेमणूक जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला होती. एका सकाळी एसटीनं एक पार्सल आलं. पुण्याहून अविनाशनं पाठवलेलं. अविनाश हा परभणीच्या कॉलेजातला माझा खोलीसोबती. आम्ही दोघं एकाच मेलेल्या म्हशीची हाडं पाठ करून डॉक्टर झालो. पुढे मी खेड्यात आलो आणि तो औषधाच्या कंपनीत गेला. जनावराला हात लावायचं त्यानं सोडलं ते सोडलंच, पण जनावरांचं वेड काही सुटलं नव्हतं. पार्सलमध्ये कापडी बांधणीची जाडजूड वही होती आणि वर एक पत्र.

पुण्यात त्याला एक नवाच नाद लागला होता. रविवारी चार-पाच मित्र टेबलाभोवती बसायचे. पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. वीर जंगलातून निघाले की वाटेत एखादं अचाट जनावर आडवं येतं. त्याच्याशी लढायचं, पळायचं की गोडीनं बोलायचं हे वीरांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं हे आठ, बारा, वीस बाजूंच्या फाशांनी. ते जनावर केवढं, किती चपळ, किती घाव सोसतं, हे एका ग्रंथात बघायचं. परदेशात असे ग्रंथ छापील मिळतात. अविनाशनं दोन वर्षं खपून आपला स्वतःचा केला होता, मराठीत, सगळी जनावरं स्वतःच्या डोक्यातली, चित्रं स्वतःच्या हातची.

'आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी,' त्यानं लिहिलं होतं. 'मी लक्ष काढून टाकले, चौऱ्याऐंशी ठेवल्या. आता नीट वाच. बायकोचं म्हणणं, चांगलं असेल तर छापा, नसेल तर बांधून ठेवा आणि रविवारी घरी राहा. मला तिचं पटतं. पण चांगलं आहे की नाही हे मला कळत नाही आणि मित्र तोंडावर वाहवा करतात. तू खोटं बोलत नाहीस. तू पास केलंस तर छापायला देतो. नापास केलंस तर पुन्हा ब्रश हातात धरणार नाही.'

खोटं न बोलणाऱ्या माणसाला एवढा मान मिळाला की त्याचं काय होतं, ते मी त्या हिवाळ्यात पाहिलं. मी लाल शाईचं नवं पेन आणलं.

ती वही अजून डोळे मिटले की उघडते. प्रत्येक पानावर जलरंगातलं चित्र, खाली बारीक अक्षरात वर्णन आणि एक चौकट. उंची, बळ, चपळाई, घाव. पाण्याखाली घरटं करणारी पिसांची मांजर होती. अंग गोल करून डोंगरावरून गडगडत येणारा साप होता. पाठीवर वारूळ वाढलेलं कासव होतं. ते चालायला लागलं की मुंग्या खाली उतरून वाट दाखवत. दुसऱ्याचा आवाज खाऊन जगणारं एक हरण होतं, ते जवळून गेलं की माणूस दिवसभर मुका होई. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलनं लिहिलेली एक ओळ असे: हे जनावर कशाला भितं. जाळ ओकणारी घोरपड स्वतःच्या उचकीला भीत असे. ते हरण अंगाईला भीत असे.

त्या ओळी मी वाचत होतो, हसत होतो आणि पुढं जात होतो. माझ्या तपासणीत त्यांना रकाना नव्हता. मी शरीरशास्त्र बघत होतो. पंख आहेत पण छातीला ते पेलणारं हाड नाही, उडणार नाही. चार पोटं दाखवली पण जनावर मांसाहारी, चूक. डोकी तीन, गळा एक, श्वास कसा घेणार? शेरा मारला की मनाला मोठी शांतता वाटे. पोरं पेपर तपासणाऱ्या मास्तरांना का भितात ते मला ठाऊक होतं. मास्तरांना त्यात काय गोडी वाटते ते त्या वर्षी कळलं.

दिवस मोठे सुंदर होते. सकाळी पूर्णा नदीकडून धुकं यायचं आणि ज्वारीत कणसांच्या खालपर्यंत थांबायचं. मोटारसायकलवरून जाताना दोन्ही बाजूंना नुसती कणसं दिसत, खालची ताटं नसल्यासारखी, अधांतरी. मधूनच गोफणीचा आवाज यायचा आणि पाखरांचा एक थवा उठून पुढच्या रानात बसायचा. डोक्यात ती वही. मग धुक्यात उभी असलेली म्हैस दिसली की मी तिचे पाय मोजायचो. एखाद्या बांधावर वारूळ दिसलं तर ते हलतंय का बघायचो. कुठं लाळ्या-खुरकुताची लस टोचायची, कुठं व्याल्यावर वार अडकलेली गाय, ती सगळी कामं हातानं होत होती. मी स्वतः त्या चौऱ्याऐंशींमधून चाललेलो असायचो. दुपारी उन्हात खुर्ची टाकून डुलकी लागली तर जागं होताना क्षणभर कळत नसे की खोड्यात बांधलेली शेळी कोणत्या पानावरची. इतका आनंद मला कामात पूर्वी झाला नव्हता, नंतरही नाही. आणि हे ज्यानं दिलं त्याच्याच वहीवर मी लाल रेघा ओढत होतो. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे आता फार विचित्र वाटतं.

वही दवाखान्याच्या टेबलावर उघडी असायची. जनावरं घेऊन आलेली माणसं वाकून बघायची.

'डॉक्टर, ह्या नवीन जाती आल्या का?'

'ह्या मांजरीसारख्या म्हशीला सड किती हायेत?' एका बाईनं विचारलं.

'पावसाळ्यात टिकतात का पण? त्या परदेशी गाईसारखं होऊन जाईन, जरा ऊन लागलं की बसली.'

कुणी हसत नव्हतं. तुम्हीही त्यांना हसू नका. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी याच टेबलामागं उभं राहून, कृत्रिम रेतनाची नळी दाखवत त्यांना सांगितलं होतं की या बारीक नळीत परदेशी वळू आहे. तेव्हा ते पोट धरून हसले होते. मग त्यांच्याच वशिंडाच्या तांबड्या गाईला वशिंड नसलेलं काळंपांढरं वासरू झालं. त्या दिवसापासून डॉक्टरच्या पिशवीतून काहीही निघू शकतं, हे गावानं मान्य करून टाकलं होतं. सरकारची पुस्तकंही अशीच यायची. वर चित्र, खाली उंची, वजन, दूध. अविनाशची चौकट तशीच दिसत होती.

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण माझी जीभ नको तिथं वळवळते. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, 'मागणी आली तर बघू.'

लोक माना डोलावून गेले. त्यांतले एक बापूराव.

बापूरावांचं शेत गावापासून कोसभरावर नाल्याच्या काठी होतं. माणूस साठीचा, शेलाटा, बोलणं कमी. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात. घरी ते आणि त्यांची बैलजोडी. ती जोडीही पोळ्याच्या आधी फुटली. एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून गेला. राहिला तो हरण्या, जुना, दात झिजलेला. एकट्या बैलाला शेतात काम नसतं आणि म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला कुणी तरणा बैल जुंपत नाही. गाव सांगत होतं, बाजार दाखवा त्याला. बाजार दाखवला की असला बैल कुठं जातो ते सगळ्यांना माहीत होतं. बापूराव प्रत्येकाला 'बराबर हाय तुमचं' म्हणायचे आणि बाजाराच्या दिवशी नाल्यात जाऊन बसायचे.

त्यांनी मला हुरड्याला बोलावलं. सकाळची वेळ. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, निखाऱ्यात कणसं खुपसलेली. बापूराव एक एक कणीस काढून तळहातावर चोळत, फुंकर मारत आणि वाफाळते दाणे माझ्यापुढं ओतत. शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, बोरं. धूर वर जात नव्हता, ज्वारीच्या उंचीनं पसरत चालला होता. हरण्या पलीकडे उन्हात बसून रवंथ करत होता. मी वही बरोबर नेली होती, कारण शेवटची दहा-बारा पानं राहिली होती आणि अविनाशला कळवायची मी घाई करत होतो.

बापूरावांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि वही मागितली. पानं उलटत ते एका ठिकाणी थांबले ते थांबलेच.

सहा पायांचा बैल. अविनाशनं त्याचं नाव ठेवलं होतं एकल्या. माळरानावर हिंडतो. जोडी करत नाही. दोन हत्तींचं बळ.

'जोडी करत न्हाई म्हंजी एकटाच वढतो का ह्यो?'

'ओढत असेल,' मी तोंडातला हुरडा गिळत म्हणालो.

मग त्यांनी ज्या पद्धतीनं ते चित्र बघितलं तसं मी एकही पान बघितलं नव्हतं. बाजारात बैल घेताना जाणता माणूस बघतो तसं. आधी अंगावरचे केसांचे भोवरे शोधले, कारण भोवरा भलत्या जागी असला तर कितीही देखणा बैल कुणी दावणीला बांधत नाही. मग शेपूट कुठवर येते ते बघितलं. खुरं बघितली. कान बघितले. शेवटी चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं.

'खोड न्हाई,' ते म्हणाले. 'डोळा बिलकुल गरीब हाय. ह्यो मारत न्हाई.'

पानाच्या तळाशी पेन्सिलनं लिहिलं होतं: मागून कुणी हाक मारली की थांबतो, आपल्याला सोडून जातील म्हणून भितो. बापूरावांना बारीक अक्षर लागत नव्हतं. मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली नाही. मी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, 'मधल्या पायांना खांदा नाही. चालू शकणार नाही. नापास.'

बापूराव दचकलेच. 'आवो डॉक्टर, येवढं जल्दी नका करू. चालंल की हळूहळू. आन् ह्यो आला तर हरण्याला इसावा मिळंल. काम ह्यो करीन, त्यो बसून खाईन. मी तेच इचार करून राह्यलो.'

मी हसलो. त्यांना वाटलं मी कबूल झालो. त्यांनी आणखी एक कणीस चोळून माझ्यापुढं ओतलं.

त्या आठवड्यात मी वही परत पाठवली. सोबत अकरा पानांचं पत्र. चौऱ्याऐंशीपैकी नऊ पास, तेही सवलतीनं. एकही शेरा चुकीचा नव्हता, आज काढून बघितलं तरी नसेल. फक्त त्या वहीची दुसरी प्रत नाही, मी लाल शाई सरळ मूळ चित्रांवरच चालवतोय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. झेरॉक्स काढावी एवढंही सुचलं नाही.

चार दिवसांनी मी एसटीडी बूथवरून त्याला फोन केला. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

'मिळाली वही,' अविनाश म्हणाला. 'बरोबर आहे रे तुझं सगळं. हाडंबिडं मी विसरूनच गेलो होतो.'

'मग दुरुस्त कर आणि छाप.'

'नाही, बरं झालं. सुटलो.' तो हसला. 'आज पोरांना सर्कस दाखवायला नेतोय.'

त्याचं हसणं मला खरं वाटलं, कारण ते खरं असणं माझ्या सोयीचं होतं. त्यानं शब्द पाळला. पुढे त्याच्या घरी मी कितीदा गेलो, एकदाही भिंतीवर, टेबलावर, पोरांच्या वहीच्या मागच्या पानावरसुद्धा त्याच्या हातचं चित्र दिसलं नाही. 'काढ की ती वही,' मी म्हणतो. तो म्हणतो, 'माळ्यावर असेल,' आणि चहा विचारतो. एकदा मी त्याची माफी मागायला सुरुवात केली, तर मलाच समजावू लागला की तू खोटं कुठं बोलला होतास. आमची मैत्री शाबूत आहे. त्यानं ती जपली, मी नाही. लाज वाटते ती याचीच.

आणि आपण काय करून बसलो ते मला पुण्यात नाही, टेंभुर्णीतच कळलं होतं, त्या फोननंतर पंधरा-वीस दिवसांनी. हुरडा संपत आला होता, दाणे टणक व्हायला लागले होते. हरण्याच्या खुराला जखम झाली म्हणून बापूरावांनी निरोप धाडला. मी दुपारी गेलो, जखम धुतली, मलम लावलं. हात पुसताना बघतो तर गोठा बदललेला. एका बाजूची कुडाची भिंत सरकवलेली. नवा खुंटा ठोकलेला. आणि दगडमातीची गव्हाण, जी दोन बैलांपुरती होती, ती चांगली चार हात लांबवलेली.

'सहा पायाचा म्हंजी लांबीला जास्त आसंल,' बापूराव म्हणाले. 'मागनं पळापळ नको. चार दिवस झाले, लिंपून राह्यलो. बाजारात परवा एक बैल बरा आल्ता, पाहुणे घ्या म्हनत व्हते. मी म्हनलं, न्हाई, आपलं जनावर डॉक्टर आणून देणार हायेत. कवा येईन त्यो?'

मी खाली बसलो. उभं राहून सांगता आलं नसतं.

'बापूराव, तो बैल येणार नाही. असा बैल नसतो. ती सरकारी वही नव्हती, माझ्या मित्रानं एका खेळासाठी मनानं काढलेली चित्रं होती. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. गंमत केली. चुकलो.'



'बिलकुल न्हाई?'

'नाही.'

'कुठंच न्हाई?'

'कुठंच नाही.'

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

'मंग डॉक्टर,' ते म्हणाले, 'जो न्हाईच, त्येला तुम्ही नापास कशाला केलं?'

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी औषधाची पेटी बंद केली.

बापूराव उठले. गंजीवरून कडब्याची पेंढी ओढली, सोडली आणि गव्हाणीत टाकली. हरण्या लंगडत आला आणि एका टोकाला तोंड घालून खाऊ लागला. बापूरावांनी थोडा वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग दुसरी पेंढी घेतली, पार त्या टोकापर्यंत चालत गेले आणि नव्या, अजून ओल्या असलेल्या मातीवर ती नीट पसरून टाकली.